टायर, ट्रॅक आणि आपाची फिक्र

आमच्या खानदानात गाडीचा शौक कधी कुणाला नव्हता. अब्बांच्या पिढीची हयात एसटीत गेली, आमची स्कूटरवर चालली आहे. आम्ही नवरा-बायको दोघेही शिक्षक. एक जण विज्ञान शिकवतो, दुसरी उर्दू आणि मराठी. त्यामुळे दुबईत नोकरीला असलेल्या भाच्याने जुनी टोयोटा जीटी-८६ घेतली आणि आम्हाला फोन करून सांगितलं, "खाला, गाडी ट्रॅकवर न्यायची आहे, टायरचं ठरत नाही. खालूंना जरा हिशेब करायला सांगा, आणि तुम्ही अम्मीला समजवा," तेव्हा त्याने आमच्या दोघांमध्ये कामाची वाटणी मोठ्या हुशारीने केली होती. हिशेब सोपा निघाला. आपाला समजावणं कठीण गेलं.

आधी ट्रॅक-डे म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण 'रेस' हा शब्द ऐकताच घरातल्या बायकांच्या हातातलं काम थांबतं. ट्रॅक-डे ही शर्यत नव्हे. शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त रस्ता काही तासांसाठी सामान्य गाडीवाल्यांना फी घेऊन खुला करतात. हेल्मेट सक्तीचं, पुढे जायची जागा ठरलेली, झेंडा दाखवला की थांबायचं. नवशिके वेगळे, सरावलेले वेगळे. समोरून कुणी येत नाही, माणूस किंवा जनावर आडवं येत नाही. दुबई ऑटोड्रोम हा असाच ट्रॅक. तो २००४ साली सुरू झाला आणि त्याचा मोठा फेरा ५.३९ किलोमीटरचा आहे. दर जानेवारीत तिथे चोवीस तासांची मोठी शर्यत होते. बाकी हिवाळ्यात हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन येतात.

आपाचं म्हणणं दोन शब्दांत मावत होतं: इसराफ आणि जीव. तिने तिथल्या गाड्या कधी पाहिल्या नव्हत्या, पण दोन्ही शब्द बरोबर जागी पडले होते. आम्हाला मात्र एक गोष्ट ठाऊक होती जी तेव्हा तिला ठाऊक नव्हती. आता तिला माहीत आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. भाचा आणि त्याचे मित्र रात्री उशिरा मोकळ्या हमरस्त्यावर गाड्या पळवत होते. ही गोष्ट त्याने स्वतःच सांगितली होती. तेव्हा आमच्यापुढे सवाल 'ट्रॅक की घर' असा नव्हताच. 'ट्रॅक की हमरस्ता' असा होता, आणि त्याचं उत्तर द्यायला आम्हाला फार वेळ लागला नाही.

पण टायरच्या बाबतीत आमचं मन सहज तयार होईना. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या हाताखालून गेलेला एक मुलगा मुंबई-गोवा महामार्गावर पावसात मोटारसायकलवरून घसरून गेला. चांगला मुलगा, वर्गात मागच्या बाकावर बसून पुढच्या बाकावरच्यांना उत्तरं पुरवणारा. त्याच्या मागच्या चाकाची नक्षी पार गेलेली होती. जनाज्याहून परतताना जो तो त्या गुळगुळीत टायरचंच बोलत होता. आणि इकडे भाच्याने जे फोटो पाठवले त्यांत शर्यतीच्या गाडीचे टायर होते. त्यांवर नक्षीची एक रेघ नव्हती. लिहिलं होतं, "खालू, कोरड्या ट्रॅकवर सगळ्यात जास्त पकड यांनाच असते."

पोराचं म्हणणं खरं होतं, आणि हे समजून घेण्यात आमची एक अख्खी संध्याकाळ गेली.

गाडी कितीही मोठी असो, तिचं रस्त्याशी नातं चार तळहातांएवढ्या जागेपुरतं असतं. प्रत्येक चाकाची साधारण एका पंजाएवढी जागा जमिनीला टेकलेली असते. जीटी-८६ चं वजन साडेबाराशे किलोच्या आसपास आहे. थांबणं, वळणं, वेग घेणं, सगळं या चार पंजांवर चालतं. टायरवरच्या खाचा पकड देण्यासाठी नसतात, त्या पाणी बाहेर काढण्यासाठी असतात. पाऊस असेल तर खाचांवाचून पाण्याला वाट मिळत नाही, टायर पाण्याच्या थरावर तरंगतो आणि हँडल किंवा स्टिअरिंग नावापुरतं उरतं. आमच्या त्या मुलाचं हेच झालं. रस्ता कोरडा असेल तर मात्र खाच म्हणजे वाया गेलेली जागा. शिवाय खाचांमुळे रबराचे जे सुटे ठोकळे होतात ते जोराच्या वळणावर वाकतात, थरथरतात, तापतात आणि कडेने तुकडे पडू लागतात. म्हणून शर्यतीचा टायर सपाट असतो. पण तो सपाट असूनही जाड, नवा आणि मऊ असतो. झिजून गुळगुळीत झालेला टायर पातळ आणि वयाने कडक झालेला असतो, आत तारा जवळ आलेल्या असतात. दिसायला दोन्ही सारखेच. एकाचं नाव स्लिक आणि दुसऱ्याचं नाव निष्काळजीपणा.

हे आपाला फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ऊन असेल तर चालतो, पाऊस आला तर मारतो, असं ना?" इतक्या थोडक्यात आम्हाला मांडता आलं नसतं.

पुरे स्लिक तर रस्त्यावर कायद्याने चालतच नाहीत, ते ट्रकवरून ट्रॅकवर न्यावे लागतात. भाच्याच्या मनात होते ते अर्धे स्लिक, म्हणजे सेमी-स्लिक. टोयो आर-८८८-आर, मिशलिन पायलट स्पोर्ट कप २ या जातीचे. नक्षी अगदी जुजबी, रबर मऊ, रस्त्यावर चालवायला परवानगी. त्याचा मुद्दा असा की दुबईत पाऊस पडतोच कुठे? आम्ही त्याला १६ एप्रिल २०२४ ची आठवण करून दिली. त्या दिवशी दुबईत पंचाहत्तर वर्षांत झाला नव्हता असा पाऊस झाला, रस्ते पाण्याखाली गेले, विमानं थांबली. भाचा स्वतः त्या दिवशी ऑफिसात अडकला होता. ज्या टायरने ट्रॅकवर जायचं त्याच टायरने घरी यायचं असेल, तर 'पडतोच कुठे' हा हिशेब पुरत नाही.

आता दुकानात टायर कसा वाचायचा ते. हे आम्हाला फार मजेचं वाटलं. टायरच्या बगलेवर अख्खी मार्कशीट छापलेली असते. २१५/४५ आर १७ ८७ डब्ल्यू घ्या. टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, बगलेची उंची त्याच्या ४५ टक्के, आर म्हणजे रेडियल, चाक १७ इंचांचं. ८७ हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरवर ५४५ किलोपर्यंत. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत. आणखी एका जागी डॉट या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ असं असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. भाच्याने 'नवेच आहेत' म्हणून सांगितलेल्या टायरचे चार आकडे मागवले, तर ते सहा वर्षांचे निघाले. नक्षी भरपूर, पण वय झालेलं. अमिरातीत पाच वर्षांवरचा टायर कायद्याने चालतच नाही, म्हणजे ट्रॅक राहिला बाजूला, ऑफिसला जायलाही ते बदलणं भागच होतं. तिथे खर्चाचा निम्मा वाद मिटला.

पुढे असतात ट्रेडवेअर, ट्रॅक्शन आणि टेंपरेचर. अमेरिकेच्या नियमाने छापलेल्या या तीन दर्जांवर दुकानदार फार बोलतात. ट्रॅक्शनपुढे डबल ए पाहून भाचा खूश झाला होता. पण हा दर्जा ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरवतात. कोरड्या वळणावर टायर कसा वागेल याचं त्यात अक्षर नाही. युरोपच्या रंगीत लेबलवरही ओल्या रस्त्याची पकड, इंधन आणि आवाज आहे, कोरड्या रस्त्याची पकड नाही. म्हणजे ज्या एका विषयात त्याला गुण पाहायचे होते, त्या विषयाचा पेपरच कुणी घेतलेला नाही.

उरतो ट्रेडवेअरचा आकडा. एका ठरलेल्या टायरला १०० धरतात आणि टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या आसपासच्या रस्त्यांवर ७२०० मैल चालवून झीज तोलतात. आकडा मोठा तर टायर टिकाऊ, लहान तर मऊ आणि चिकट. घरगुती गाडीच्या टायरला चारशे-पाचशे, वेगवान गाडीच्या उन्हाळी टायरला तीनशेच्या आसपास, ट्रॅकच्या हौशी लोकांत चालणाऱ्या ब्रिजस्टोन आरई-७१-आरएस किंवा योकोहामा ए-०५२ ला दोनशे, टोयो आर-८८८-आर ला शंभर. मात्र हा आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. पेपर आपणच लिहायचा, आपणच तपासायचा. पस्तीस उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आणणाऱ्यांना यावर किती भरोसा ठेवायचा ते सांगायला नको. एकाच कंपनीचे दोन टायर तोलायला ठीक, दोन कंपन्यांत तुलना करताना सांभाळून.

एवढं वाचून आम्ही आमच्या नाक्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. 'पंक्चरवाला' हा शब्द आपल्या लोकांना हिणवण्यासाठी कसा वापरतात ते वाचकांना माहीत आहे. त्या लोकांनी एकदा चाचांना टायरवरून हात फिरवताना पाहावं. भाच्याने पहिल्यांदा हौसेने जुन्या टायरवर नवशिक्यांच्या गटात काही फेऱ्या मारल्या होत्या, त्यानंतरचे फोटो आमच्या मोबाइलवर होते. चाचांनी चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि म्हणाले, "मास्टरसाब, बाहर की किनार खाई है, अंदर से नया है. टायर मोड़ पे करवट ले के सो रहा है." त्यांनी दुबई पाहिली नाही, शर्यत पाहिली नाही. पुढच्या चाकांचा उभेपणा हे त्याचं कारण होतं. वळणावर गाडी बाहेर झुकते, चाकही तिच्याबरोबर बाहेर कलतं आणि सगळा भार बाहेरच्या कडेवर येतो. चाकाचा माथा आधीच थोडा आत झुकवून ठेवला, त्याला कॅम्बर म्हणतात, तर वळणावर पूर्ण पंजा टेकतो. त्यासाठी एक साधा बोल्ट मिळतो. हे न करता कितीही महागडा टायर घातला तरी त्याची बाहेरची कड आधी संपणार.

झोपतो किती, ते तपासायची युक्ती तर आमच्याच घरातली निघाली: खडू. टायरच्या कडेवरून बगलेपर्यंत खडूची रेघ ओढायची, दोन-चार फेऱ्या मारून यायचं. रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते पाहायचं. बगलेवर खूप खाली गेली असेल तर हवा कमी आहे. कडेलाच पोहोचली नसेल तर हवा जास्त आहे. भाच्याने दुबईत खडूची पेटी शोधायला दोन दिवस लावले.

हवेचं गणित आमच्यातल्या विज्ञानाच्या मास्तरांनी मोठ्या आनंदाने सोडवलं. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो, आठवी-नववीतलं प्रकरण. गाडी घरून निघाली तेव्हा चाकांत ३५ पीएसआय हवा होती. ट्रॅकवर टायरची आतली हवा २५ अंशांवरून ७५ अंशांवर गेली असं धरलं, वातावरणाचा १४.७ मिळवून केल्व्हिनमध्ये गुणोत्तर काढलं, तर ३५ चे होतात ४३. एवढ्या हवेने टायर मधोमध फुगतो आणि टेकणारी जागा घटते. म्हणून 'तिसऱ्या फेरीनंतर गाडी साबणावरून चालल्यासारखी वाटते' हे भाच्याचं म्हणणं बरोबर होतं, फक्त दोष टायरच्या जातीत नव्हता. थंड असताना २८ ठेवले तर गरम ३५ होतात. ट्रॅकवरचे जाणते लोक गरम दाबच मोजतात, बाहेर आल्या आल्या, चारही चाकांचा वेगवेगळा. वळणं उजवीकडची जास्त असली की डावी चाकं जास्त तापतात, तिकडे थोडी कमी हवेने सुरुवात करावी लागते. आणि घरी निघताना हवा पुन्हा भरायची, हे विसरायचं नाही. टायर निवले की दाब खाली येतो, आणि हमरस्त्यावर कमी हवेचा टायर तापून फुटतो.

आता निवड. सेमी-स्लिकला पकड जास्त, यात वाद नाही. पण पकड जास्त म्हणजे गाडी सुटते तेव्हा जास्त वेगात सुटते, आणि बहुतेक वेळा एकाएकी सुटते. साधा टायर आधी कुरकुरतो, ओरडतो, हळूहळू घसरतो आणि चालवणाऱ्याला शिकवतो. टोयोटाने ही गाडी २०१२ मध्ये बाजारात आणली तेव्हा कित्येक देशांत तिला २१५ रुंदीचे मिशलिन प्रायमसी टायर होते, शांत घरगुती गाडीला शोभणारे. मुद्दाम. कमी वेगातही गाडीचा स्वभाव हाताला कळावा म्हणून. शिवाय चिकट टायर ब्रेकवर, बेअरिंगवर, इंजिनच्या तेलावर, सगळ्यांवर जास्त ताण टाकतो. पकड वाढली की ब्रेक उशिरा मारले जातात, ब्रेकचं तेल उकळतं आणि पाय जमिनीपर्यंत जातो. आम्हाला विचाराल तर नवशिक्याने पहिला दिरहम टायरवर नव्हे, ब्रेकच्या तेलावर आणि पॅडवर खर्च करावा.

दोनशेवाले मऊ टायरही त्याच्या यादीत होते. त्यांतला ए-०५२ पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत कमाल पकड देतो आणि मग तापून ढिला पडतो, असं तो चालवणारेच सांगतात. ज्याला एका फेरीची वेळ काढायची आहे त्याला तो छान. वीस मिनिटं सलग चालवून शिकायचं आहे त्याला कशाला? शिवाय हे मऊ रबर प्रत्येक तापण्या-निवण्यागणिक थोडं कडक होत जातं. नक्षी शिल्लक असते, पकड गेलेली असते.

तेव्हा आमचा कौल तीनशेच्या आसपासच्या उन्हाळी टायरला पडला. मिशलिन पायलट स्पोर्ट ४ च्या तोलाचे, माप तेच २१५/४५ आर १७, चारही एकदम, चौघांच्या तारखा जवळजवळच्या. नवा असताना साध्या टायरची नक्षी आठ मिलिमीटरच्या आसपास असते, सेमी-स्लिकची त्याहून बरीच कमी, म्हणजे हे टिकणार जास्त. पाण्यात चालतील. सेमी-स्लिक आणि त्यांच्यासाठी जादा चाकं घ्यायचा जो खर्च भाच्याने धरला होता, त्यातून ब्रेकचं तेल, पॅड, कॅम्बरचे बोल्ट आणि शेजारी बसून शिकवणारा उस्ताद एवढं सगळं निघालं. शेवटच्या बाबीवर आम्ही अडून बसलो होतो. शिक्षकांनी अडायचं नाही तर कुणी?

भाचा लगेच राजी झाला असं नाही. मित्रांमध्ये नाक कापलं जाईल म्हणाला. त्यावर आपाने पहिल्यांदा बोलणं हातात घेतलं. तिने विचारलं, "तिथे गाडी ठोकली तर विमावाले पैसे देतील?" नेहमीचा विमा ट्रॅकवर बहुधा लागू नसतो, हे भाच्याला कबूल करावं लागलं. "म्हणजे ठोकलीस तर हप्ते तुझे आणि गाडी भंगारवाल्याची. मग जो टायर आधी ओरडून सांगतो तो घे." पुढे तिने आपली अट घातली: रात्रीचा हमरस्ता बंद. तोपर्यंत तो प्रकार तिला कुणी सांगितला नव्हता. कसा कळला ते तिने आम्हाला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

नव्या टायरवरचा पहिला ट्रॅक-डे डिसेंबरात झाला. कोरडा दिवस होता, पण कोरडा म्हणजे साफ नव्हे. आदल्या दिवशी वारा होता आणि वळणांच्या बाहेरच्या बाजूला वाळू आलेली होती. उस्तादाने पहिली फेरी फक्त टायर तापवायला लावली आणि शेवटची ब्रेक न मारता निववायला. आत आल्यावर हँडब्रेकही लावू दिला नाही. तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. चाकांचे नट पुन्हा आवळून घेतले. खडूची रेघ कडेपाशी थांबली होती. मित्रांपैकी दोघे सेमी-स्लिकवर होते, ते पुढे निघून गेले. जाऊ देत.

मोसमात असे चार दिवस झाले. मोजपट्टीने पाहिलं तर पुढे साधारण पाच मिलिमीटर नक्षी उरली आहे, मागे सहा. पुढचे मागे आणि मागचे पुढे केले आहेत. उन्हाळ्यात तिथे पंचेचाळीस अंशांत कुणी दिवसा टायर जाळायला जात नाही, गाडी ऑफिसपुरती निघते. पुढच्या हिवाळ्यात दोनशेवाले घ्यावेत का, यावर बोलणी चालू आहेत. उस्तादाचं मत घ्या, असं आम्ही सांगितलं आहे. आपा म्हणते, आधी हे संपू देत. दर ट्रॅक-डेच्या संध्याकाळी ती फोन करून थंड किती होते आणि गरम किती झाले ते विचारते, आणि दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवते.